छातीवरच्या गाठींसाठी विजेची केमो : वन्संच्या उपचाराचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं सगळं वाचायला नको. माझ्या थोरल्या नणंदेचा स्तन काढला होता, त्या जागेवर कातडीत कर्करोगाच्या गाठी परत आल्या. त्यावर इंग्लंडमध्ये इलेक्ट्रोकेमोथेरपी झाली. रक्त यायचं थांबलं, वास गेला, बऱ्याचशा गाठी खपली धरून गळून पडल्या. आजार गेला नाही. तो यातून जाणार नव्हताच, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच हे तोंडावर सांगितलं होतं. ज्या कामासाठी हा उपचार आहे ते काम त्यानं केलं. नंतरच्या ड्रेसिंगबद्दल मात्र मी नाराज आहे, ते पुढं येईलच.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवते. इथल्याच आरपीडी कॉलेजातून बी.ए. केलं, पण पोट शिलाई मशीननंच भरलं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडं येतात, कारण बाजारातला तयार माल त्यांना बसत नाही आणि पुरुष शिंप्याला माप द्यायला त्या तयार नसतात. त्यामुळं अशी छाती मला नवीन नाही. तरीही वन्संच्या व्रणालगत आलेले दाणे मला व्हिडिओ कॉलवर दिसले तेव्हा दोघींनाही वाटलं, ब्राची शिवण घासली असेल. तांदळाएवढे, लालसर, कडक, आणि मुख्य म्हणजे न दुखणारे. घामोळं खाजतं, गळू दुखतं. हे काहीच करत नव्हतं. ऑपरेशनच्या रेषेजवळ असलं काही दिसलं आणि पंधरा दिवसांत गेलं नाही तर मलम चोळत बसू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. ते एक तुकडा काढून तपासतात, त्याशिवाय कळत नाही. आता गिऱ्हाइकाचं माप घेताना मी हे सांगतेच.

वन्सं लग्नानंतर लेस्टरला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. त्यामुळं उपचार सरकारी दवाखान्यात, बिल नाही. मी गेले ते मदतीला, भाच्यानं व्हिसाचं बघितलं. पोचले तेव्हा दाण्यांच्या गाठी झाल्या होत्या, दोन फुटल्या होत्या, आणि वन्सं घरातसुद्धा खिडकीजवळची खुर्ची धरून बसायच्या. का, ते मला जवळ बसल्यावर कळलं. वास यायचा. त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त यायचा. "सुमन, तू लांब बस गं," म्हणायच्या. जेवताना ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या. कर्करोगाच्या दुखण्याबद्दल लोक बोलतात, या वासाबद्दल कुणी बोलत नाही, आणि बाई माणसांतून उठते ती यामुळंच.

त्या जागेला आधी रेडिएशन पूर्ण देऊन झालं होतं, तेच परत द्यायला वाव नव्हता. कापायचं तर मांडीची कातडी आणून लावावी लागली असती, आणि गाठी इतक्या पसरल्या होत्या की कापून किती कापणार? आजार हाडांतही पोचला होता. तो गोळ्यांनी आटोक्यात होता, पण कातडीवरचा हटत नव्हता. तेव्हा त्यांनी हे सुचवलं.

विजेचं नाव काढलं की आपल्याकडं लोकांना डोक्याला देतात तो शॉक आठवतो. बेळगावात परत आल्यावर एका दवाखान्यातल्या माणसानंही मला "म्हणजे शॉकच की हो" असंच सांगितलं. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ब्लिओमायसिन नावाचं केमोचं जुनं औषध आहे. पेशीच्या आत शिरलं तर ते तिच्या डीएनएचे तुकडे करतं, पण पेशीच्या पडद्यातून सहजी आत जातच नाही. म्हणून गाठीवर अगदी थोडा वेळ वीज सोडतात. एकेक झटका १०० मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. असे आठ. वीज सोडणाऱ्या सुयांमधल्या अंतराच्या दर सेंटीमीटरला हजार व्होल्टच्या हिशेबानं. त्यानं पडद्याला बारीक छिद्रं पडतात, औषध आत जातं, थोड्या वेळानं छिद्रं बुजतात आणि औषध आतच राहतं. त्या जागेपुरती औषधाची ताकद शेकडो पटींनी वाढते. म्हणून डोस कमी लागतो आणि नेहमीच्या केमोसारखे केस जात नाहीत. वन्संचे गेले नाहीत. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं, भाच्यानं मराठीत सांगितलं, आणि मी ते मापाच्या वहीत लिहून घेतलं. वहीच्या त्या पानावर वर कुणाची तरी ३६ची छाती आहे, खाली हजार व्होल्ट.

फ्रान्समध्ये लुई मीर नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटानं हे शोधलं, माणसांवरचे पहिले निष्कर्ष १९९१ साली छापून आले. मग फ्रान्स, डेन्मार्क, स्लोव्हेनिया आणि आयर्लंडमधल्या केंद्रांनी मिळून पद्धत ठरवून दिली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासात ४१ रुग्णांच्या १७१ गाठी मोजल्या होत्या. सुमारे ८५ टक्के गाठींवर परिणाम झाला, ७४ टक्क्यांच्या आसपास पूर्ण गेल्या. ब्रिटनमध्ये उपचार तपासून सल्ला देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं मार्च २०१३ मध्ये याला मान्यता दिली, पण शब्द नीट वापरले : त्रास कमी करण्यासाठीचा उपचार म्हणून. भाच्यानं हे आकडे काढून दाखवले तेव्हा वन्संनी एकच विचारलं, "माझ्या किती जातील?" डॉक्टरांनी गाठींवर पेनानं खुणा करत उत्तर दिलं. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान असतात त्या चांगल्या जातात, मोठ्या कमी होतात, पण बऱ्याचदा पूर्ण जात नाहीत. आणि जिथं रेडिएशन झालंय तिथं कातडी आधीच शिजलेली असते, म्हणून परिणाम थोडा कमी आणि जखम भरायला वेळ जास्त. हे स्पष्ट सांगणं मला आवडलं. आमच्या बाबतीत झालंही तसंच.

उपचाराच्या आधी रक्त, किडनी आणि फुप्फुसांची तपासणी झाली. ब्लिओमायसिन किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात. फुप्फुसांवर ते व्रण पाडू शकतं, म्हणून ज्यांच्या फुप्फुसांत आधीच असा आजार आहे त्यांना देत नाहीत, आणि आयुष्यभरात किती घेता येईल यालाही मर्यादा आहे. पेसमेकर असेल तर छातीवर वीज देण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारतात. वन्संना दमा नाही, पण लहानपणी मागाच्या खोलीत कापसाच्या धुरळ्यात वाढलेल्या. तेही त्यांनी लिहून घेतलं.

त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नेलं. पूर्ण भूल दिली. एकदोन छोट्या गाठी असतील तर जागेपुरती भूल देऊनही करतात म्हणे, पण यांच्या बऱ्याच होत्या. मी अर्थातच आत नव्हते. पण आदल्या भेटीत सिस्टरनं मला तो सुयांचा दांडा हातात दिला होता, वापरायचा नव्हे, दाखवायचा. मूठभर आकाराचा, टोकाला सुयांच्या दोन ओळी. दुसऱ्या प्रकारात सुया षटकोनात असतात. वरवरच्या गाठींसाठी सुया नसलेल्या दोन पट्ट्यांचाही मिळतो. गोधडीला टाके घालत जावं तसं एका गाठीवर टेकवायचा, वीज सोडायची, उचलून शेजारी टेकवायचा. कडेची थोडी चांगली दिसणारी कातडीही त्यात घेतात. औषध शिरेतून दिल्यावर आठ मिनिटं थांबतात, म्हणजे ते गाठींपर्यंत पोचतं, आणि मग साधारण वीस मिनिटांत सगळं उरकावं लागतं. घड्याळ लावून चालतं म्हणे. भूल दिलेली असली तरी प्रत्येक झटक्याला छातीचे स्नायू उडतात. शुद्धीवर आल्यावर वन्संना आठवत काहीच नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी खांदा आणि बरगड्या चांगल्याच दुखत होत्या.

एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात हुशारीची वाटली. हृदयाचे ठोके बघायला अंगावर गोल चिकटपट्ट्या लावतात ना, त्या काढल्या नाहीत. "दोन दिवस राहू देत, ओढू नका, खाजवूही नका," असं सिस्टरनं बजावलं. ब्लिओमायसिन अंगात असताना कातडी ओरबाडली की तिथं काळा डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. आम्ही पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून सोडवल्या. डाग नाही. पण वन्संना झोपेत पाठ खाजवायची सवय, तर पाठीवर नखांच्या तीन काळ्या रेघा अजून आहेत. मांजरानं ओरबाडलंय का, असं शेजारच्या मावशींनी विचारलं.

आता नाराजीचं. त्यांनी दिलेल्या पत्रकात नंतर "थोडा स्राव आणि दुखणं" असं लिहिलं होतं. पहिला आठवडा ठीक गेला. लाली, सूज, सुयांची भोकं, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात गाठी काळ्या पडून ओल्या झाल्या आणि स्राव इतका की दिवसाला दोनदा ड्रेसिंग बदलावं लागायचं. वास आधीपेक्षाही वाढला. मेलेला भाग सुटताना हे होतं, अपेक्षित आहे, असं फोनवरच्या सिस्टरनं सांगितलं, आणि ती फारच चांगली होती. खरं म्हणजे तिच्यामुळंच आम्ही तरलो. पण हे आधी सांगायला नको होतं काय? वन्संना वाटलं उपचार उलटला. त्या रात्री त्यांनी मला "मला बेळगावला ने" म्हणून हट्ट धरला. दवाखान्याला मी हे लेखी कळवलंय. वेदनेच्या गोळ्याही रेडिएशन झालेल्या जागेसाठी कमी पडल्या, वाढवून घ्याव्या लागल्या. ज्यांना हा उपचार घ्यायचाय त्यांनी आधीच विचारा : तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग कोण करणार, आणि रात्री दुखलं तर काय घ्यायचं?

महिना-दीड महिन्यानं खपल्या पडायला लागल्या. आधी लहान गाठींच्या, खाली गुलाबी कातडी. आणि रक्त तर पहिल्या दिवसापासूनच थांबलं होतं. आधी ब्लाऊज काढताना कापड चिकटून गाठ फुटायची आणि टॉवेल भिजायचा, तो प्रकार संपला. विजेनं त्या जागेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं हे होतं. रक्त येणाऱ्या गाठी असतील तर एवढ्याच कारणासाठीसुद्धा हा उपचार विचारण्यासारखा आहे.

डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिल्यावर आम्ही दोघी मिळूनच आलो. एक मोठी जखम अजून ओली होती. आमच्या बेळगावच्या कर्करोगतज्ज्ञांनी तिकडचं पत्र शब्द न शब्द वाचलं. आमच्याशी मराठीत, सिस्टरशी कन्नडात आणि कागदावर इंग्रजीत, अशी त्यांची पद्धत. इथं हे यंत्र मिळेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, गावोगावी मिळणारी ही सोय नाही, ज्यांना गरज वाटते त्यांनी आपल्या तज्ज्ञाकडून मोठ्या कर्करोग केंद्राला विचारून घ्यावं, आणि तोवर जखम नीट सांभाळावी. जखम सांभाळणं मात्र बेळगावात बसून होतं, आणि ते मी तपशिलानं सांगते, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांना त्याचाच उपयोग.

वासासाठी मेट्रोनिडाझोल. त्याचं जेल मिळतं, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर जखमेवर पातळ थर लावायचा. हा वास जखमेतल्या जंतूंचा असतो, कर्करोगाचा नव्हे, आणि हे औषध त्या जंतूंवर चालतं. चारपाच दिवसांत फरक पडला. कोरडा गॉज कधीही थेट ठेवायचा नाही, तो चिकटतो आणि काढताना रक्त आणतो. न चिकटणारी जाळी खाली, वर शोषून घेणारा पॅड. काढण्याआधी सलाईनच्या पाण्यानं भिजवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग कडेकडेनं सोडवायचं. रक्त आलंच तर स्वच्छ गॉज दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचा, मिनिटामिनिटाला उघडून बघायचं नाही. न चिकटणारी जाळी मेडिकलमध्ये विचारली तर पोरगा साधा गॉजच पुढं करतो, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळाली. कोळशाचा थर असलेलं ड्रेसिंग वास शोषतं, पण महाग आहे आणि मागवावं लागलं. बाहेर जायच्या दिवसापुरतं वापरलं.

हळद, कोरफड, कुणाच्या तरी घरचा लेप, हे सगळं दारात आलंच. एकजण तर गाठी "मुळापासून" काढून देतो म्हणून पैसे सांगून गेला. चहा दिला आणि वाटेला लावला. उघड्या जखमेवर काहीही थापलं की ते आत अडकतं, आणि मग ते धुऊन काढताना बाईचे हाल.

संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू असतं. वन्सं जाणार नाही म्हणत होत्या. मी त्यांना जुनी शहापुरी इरकल नेसवली, मऊ पडलेली, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. बायकांच्या मधोमध बसल्या. शेजारी वडगावची त्यांची शाळेतली मैत्रीण, ती अगदी कानाला लागून बोलत होती, तासभर. वन्संनी एकदाही खुर्ची मागं सरकवली नाही. परत येताना वाटेत मलाच म्हणाल्या, "काय गं, तिला काई वास आला नाई वाटतं." मी म्हटलं, "यायला असायला तर पायजे की वन्सं." हसल्या. पैसे, विमान, ड्रेसिंग, सगळ्याचा हिशेब करून कुणी मला विचारलं की फायदा काय झाला, तर मी हा तास सांगेन.

शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी, आणि घरी शिवणाऱ्यांसाठीही, ब्लाऊजचं सांगते. नेहमीचा कटोरीचा ब्लाऊज यात चालत नाही, टक्स नेमके जखमेवर येतात. मी जुन्या धोतराच्या मऊ कापडाचा पुढून एकमेकांवर येणारा ब्लाऊज केला, बाराबंदीसारखा, बंद काखेखाली न आणता दुसऱ्या बाजूच्या बरगडीवर. शिवणी बाहेरच्या अंगाला. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूची बाही दीड-दोन इंच सैल, कारण हात सुजतो. आतून एक खिसा, त्यात वरचा पॅड बसतो, म्हणजे कातडीला चिकटपट्टी लावावी लागत नाही. उन्हाळ्यात वळिवाच्या आधीच्या उकाड्यात चिकटपट्टीखाली कातडी सोलून निघते, तिथं याचा खरा उपयोग झाला.

आता सद्यस्थिती. उपचार केलेल्या गाठींपैकी मोठी एक बसली, पण गेली नाही, कडक चकतीसारखी आहे. बाकीची जागा काळपट आणि कोरडी. व्रणाच्या वरच्या कडेला, जिथं वीज दिली नव्हती तिथं, नवे तीनचार दाणे आलेत. याची कल्पना दिली होती. हा उपचार जिथं करतात तिथंच काम करतो. परत करता येतो, आणि दाणे लहान असतानाच केलेला बरा, म्हणून वन्सं दसऱ्याआधी परत जाणार आहेत. गोळ्या चालूच आहेत, हाडांचं स्कॅनही वेळेवर होतंय. कातडी सुधारली म्हणून ते कुणी सोडू नये, कारण आतल्या आजाराला ही वीज शिवतसुद्धा नाही.

आणि एक कागद जपून ठेवा. ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाला पुढं कधी भूल द्यायची झाली तर डॉक्टरांना ते आधी माहीत असावं लागतं, कारण अशा माणसाला भुलेत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. वन्संच्या मोतीबिंदूची तारीख लागलीय. ती भूल डोळ्यापुरतीच असणार, तरी मी तो कागद फायलीत सगळ्यात वर लावलाय आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोनवर सांगूनही ठेवलंय.